सुट्टीचा प्रकार

फोन आला तेव्हा रामाजी पिपरी मेघेला मुलाच्या घराच्या गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. हिवाळ्यातलं सकाळचं ऊन पाठीवर पडलं होतं. गेल्या काही महिन्यांपासून त्याला ऊन दिसायचं, लागायचं नाही. फोनवर दवाखान्यातली एक मुलगी होती. आवाज कोवळा, समोरचं वाचून दाखवत असल्यासारखा. आनंदाबाई रामाजी पोहाणे पोळ्याच्या सुमारास आमच्याकडे भरती होत्या, तर त्यांची तब्येत आता कशी आहे, असं ती विचारत होती. रामाजीच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली होती. दाणे हिरवेगार होते, टोकाचा एक किडका होता. “बरी हाये,” तो म्हणाला. जेवण जातं का? जाते. औषध वेळेवर घेतात का? घेते. मुलीनं आभार मानले, काही त्रास झाला तर लगेच दाखवायला आणा म्हणाली आणि फोन ठेवला. रामाजीनं किडका दाणा नखानं उकरून बाजूला टाकला आणि पुढची शेंग घेतली. ती सोलून झाली, तिच्यानंतरचीही झाली, तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो. आनंदाबाई, त्याची बायको, त्याच दवाखान्यातून केळझरला नेली होती आणि त्याच दिवशी केळझरच्या स्मशानात तिला अग्नी दिला होता.

खोटं बोलायचं असं त्याच्या मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. सगळा जन्म केळझरला गेला. तिथं रस्त्यानं जाताना कोणी ना कोणी विचारायचं, काय म्हणते आनंदाबाई, आणि तो बैलांकडे पाहतच म्हणायचा, बरी हाये. ती तापानं फणफणलेली असली तरी तेच, रुसून माहेरी गेलेली असली तरी तेच. जिभेला ती पायवाट पडून गेली होती आणि शब्द आपले आपण तिच्यावरून चालत गेले. आता छातीत काही होईल म्हणून तो थोडा वेळ हात थांबवून बसला. विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट पाहावी तसा. आवाज आला नाही. खाली सून मोहिनीनं मिक्सर लावला होता. शेजारच्या गच्चीवर कोणी गादी वाळत घालत होतं. ही वस्ती अशीच होती, घराला घर लागून, सगळी नवी, रंग अजून न उडालेली, आणि कोणाच्याही अंगणात माती नाही. आनंदाबाई इथं आली की पायात चप्पल घालून घरभर फिरायची. फरशी थंड लागते म्हणायची, मसणातल्या दगडासारखी. रामाजी हसायचा. आता तो अनवाणी फिरायचा आणि फरशी थंड आहे की गरम, हे त्याला सांगता आलं नसतं.

दोन-चार दिवसांनी धनंजय संध्याकाळी घरी आला तो बूट न काढताच रामाजीच्या खोलीत शिरला. धनंजय त्याचा एकुलता मुलगा. सिंदी रेल्वेच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहायचा. हंगामात त्याच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले असायचे आणि तो म्हातारा झाल्यासारखा दिसायचा. दवाखान्यातून त्याला फोन आला होता. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आई बरी आहे आणि औषध घेते आहे असं चढलं होतं, आणि सरकारी विमा योजनेच्या वरच्या ऑफिसातून आलेल्या कागदांत ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला होता. दोन्ही एकाच माणसाचे. “बाबा, तुमी काय सांगतलं त्यायले?” धनंजयनं विचारलं. रामाजीनं जे झालं ते सांगितलं. मोहिनी दारात उभी होती. धनंजय खाटेच्या कडेला बसला, बापाकडे पाहत राहिला. रागवावं की काय करावं, ते त्याला कळत नव्हतं. शेवटी मोहिनीच म्हणाली, मामाजींचं काय चुकलं, त्यायनं मेलेल्या माणसाची तब्येत विचारली काऊन? त्यावर तिघंही थोडे हसले. हसू संपलं तरी धनंजय बूट काढायचं विसरून तसाच बसून होता. शनिवारी दोघांनाही बोलावलं आहे, असं त्यानं सांगितलं. सही त्याची होती म्हणून तो, आणि ॲम्ब्युलन्समध्ये आईजवळ बाबा होते म्हणून बाबा.

सही हा शब्द धनंजय हल्ली तोंडातल्या तोंडात उच्चारायचा. मोहिनीनं रामाजीला सांगितलं होतं की जिनिंगच्या काट्यावर गाड्यांच्या पावत्यांवर सह्या करणं त्याचं रोजचं काम, पण पोळ्यापासून तो पावती दोनदा वाचतो, उलटी करून पाहतो, मग दुसऱ्या कोणाला तरी म्हणतो, तूच कर. गाडीवान लोक चेष्टा करतात. साहेब, कापसाची पावती हाये, वावराची रजिस्ट्री नोहे. तो हसतो आणि पेन खिशाला लावून टाकतो. जेवतानाही पहिला घास हातात धरून बसतो. सून हे सारं सांगत असताना रामाजी भिंतीकडे पाहत होता. पोराला काय खातं आहे ते त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी दवाखान्यात, आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर, धनंजयनं एका कागदावर सही केली होती. आमच्या जबाबदारीवर, डॉक्टरांचा सल्ला न मानता, पेशंटला घरी नेत आहोत. सल्ला कोणी दिलाच नव्हता. उलट एक सिस्टर येऊन हळूच म्हणाली होती, दादा, आता त्यांच्यात काही राहिलं नाही, मशीनच चालू आहे, गावाला न्यायचं असेल तर आत्ताच न्या, मग कागदपत्रांत अडकून पडाल. धनंजय त्या वाक्याला धरून जगत होता. आई तिथंच गेली होती, सही फक्त कागदाची होती. आई जिवंत असताना आपण सही करून तिला बाहेर काढलं नाही. मोहिनीला तो रात्री-बेरात्री उठवून हेच सांगायचा, आणि ती हो म्हणायची, कारण ती गाडीत नव्हती. गाडीत मागं फक्त रामाजी होता. धनंजयनं बापाला मात्र कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी मोटारसायकलवर मागं बसून जाताना वारा कानात भरत होता. धनंजय मान किंचित वळवून बोलला. “बाबा, आई तिथंच गेलती. सिस्टरनं मले सांगतलं होतं. तेच सांगजा.” रामाजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, कारण खड्डा आला होता. धनंजयनं तो होकार समजला असावा, कारण त्याचे खांदे थोडे खाली आले.

दवाखाना तोच होता. काचेचं दार, फिनाईलचा वास, हातात फाईल धरून बसलेले लोक, पिशवीत डबा, पाण्याची बाटली. रामाजीला वाटलं होतं की दारातून आत जाताना पाय अडखळतील. नाही अडखळले. ज्या बाकड्यावर तो आणि धनंजय बसायचे तिथं आता कोणी दुसरं कुटुंब बसलं होतं, आणि त्यांच्यातली एक बाई मोबाईलवर म्हशीच्या दुधाचा भाव भांडून सांगत होती. रामाजीनं वर लावलेली पाटी वाचली. अक्षरं तो मोठेपणी शिकला, प्रौढांच्या वर्गात, आनंदाबाईनंच ढकलून पाठवला होता म्हणून, त्यामुळे पाटी दिसली की ती अक्षर अक्षर लावत पूर्ण वाचल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. रुग्णाची योग्य नोंद हा रुग्णाचा हक्क आहे, असं लिहिलं होतं. पाटी नवी होती. तेवढ्यात ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर कैलास समोरून आला. ओळखून थांबला. काका, तुमाले बी बलावलं का, म्हणाला. त्यालाही बोलावून झालं होतं. नव्या मॅडमनं त्याला विचारलं होतं की आजवर नेलेल्या पेशंटांपैकी किती गाडीत जिवंत होते. “मी म्हनलं, मॅडम, मी समोर पाह्यतो. मांगं पाह्यलं त गाडी नालीत जाईन.” तो हसला, मग हसणं बरोबर नाही असं वाटून त्यानं गुटख्याची पुडी खिशात सरकवली आणि निघून गेला. त्याच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा डाग होता, त्या दिवशी होता तसाच. रामाजीला त्याचा राग आला नाही, मायाही आली नाही. एखादं झाड ओळखावं तसा त्यानं कैलासला ओळखला.

नव्या मॅडमचं नाव ऋचा. नागपूरहून आलेली, तिशीतली, केस घट्ट बांधलेली. खोली लहान होती, फायलींनी भरलेली. तिनं उठून रामाजीला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि त्या फोनबद्दल माफी मागितली. जे पेशंट जिवंत बाहेर पडले असं कॉम्प्युटर म्हणतो, त्या सगळ्यांना फोन करायचा, असं तिनंच ठरवलं होतं. मग तिनं शांतपणे, फळ्यावर शिकवावं तसं, समजावून सांगितलं. प्रत्येक आजाराला एक आकडा असतो. प्रत्येक ऑपरेशनला असतो. आणि माणसाची दवाखान्यातून सुट्टी कशी झाली त्यालाही असतो. बरा होऊन गेला, सल्ला न मानता नेला, की इथंच वारला. दवाखान्याचं सगळं काम वर आकड्यांनीच जातं. आकडा चुकला की बिल चुकतं, ते तर आहेच, पण पुढं कोणत्या आजारानं कुठं किती माणसं गेली ते मोजमापही चुकतं. इथल्या जुन्या फायली चाळताना तिला दिसलं की मरण या दवाखान्यात फार कमी होतं आणि सल्ला न मानता घरी जाणारे फार जास्त. शेवटी रक्तदाब लागत नाही असं लिहिलेलं, आणि त्याच्या खालीच, नातेवाईक घेऊन गेले. म्हणजे गेलेल्या माणसाला हातानं दाबायचा श्वासाचा फुगा लावून गाडीत घालायचं, घरच्यांची सही घ्यायची, की मरण दवाखान्याच्या नावावर लागत नाही. हे सांगताना तिनं समोरची फाईल बाजूला ढकलली. खरी होती ती. रामाजीला ती आवडली असती, त्याला काही आवडत असतं तर.

मला हे बंद करायचं आहे, ती म्हणाली. त्यासाठी तुमच्यासारख्या लोकांनी सांगायला हवं. बहुतेक नातेवाईक सांगतात की आमचं माणूस तेव्हाच गेलेलं होतं. घाबरण्यासारखं काही नाही, तुमच्यावर काही येत नाही, आम्ही फक्त नोंद दुरुस्त करू, सल्ला न मानता नेलं हे खोडून इथंच मृत्यू असं होईल. मग ती धनंजयकडे वळली. धनंजय तयारच होता. आई इथंच गेलती, तो म्हणाला, आणि सिस्टरचं ते वाक्य त्यानं जसंच्या तसं सांगितलं. ते इतक्यांदा घोकलेलं होतं की त्याच्या तोंडून ते त्या सिस्टरच्याच आवाजात आल्यासारखं वाटलं. ती सिस्टर आता नोकरी सोडून गेली आहे आणि त्या दिवशीच्या शेवटच्या तासांत तिनं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून तुम्हा दोघांचं सांगणं सारखं असणं महत्त्वाचं, असं ऋचा म्हणाली. मग तिनं खुर्ची रामाजीकडे फिरवली. “काका, तुम्ही जवळ होता. इथून निघताना त्या जिवंत होत्या?”

प्रश्न लहान होता. नाही म्हटलं की संपत होतं. रामाजीच्या तोंडात नाही हा शब्द आलेलाही होता, गोळीसारखा, जिभेखाली. धनंजय उद्या पावतीवर सही करील, घास तोंडात घालील. ही पोरगी तिनं चूक शोधून काढलेली फाईल दुरुस्त करून बंद करील. कोणाचं काही वाईट होत नव्हतं. खिडकीत एसीचं पाणी थेंब थेंब बादलीत पडत होतं. रामाजीनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. उजवा हात मांडीवर होता आणि बोटं मिटत होती, उघडत होती. हे त्या दिवसापासून होतं. जेवताना नाही, काम करताना नाही, रिकामा बसला की. कैलासनं गाडी निघताना शिकवलं होतं. काका, घाबरू नका, तुमी सोता श्वास घ्या आन मंग फुगा दाबा, आपल्या श्वासाच्या संगतीनं, बस. धनंजय पुढं ड्रायव्हरजवळ बसला, मागं बसणं त्याच्यानं होईना. आणि रामाजी श्वास घेत गेला, फुगा दाबत गेला. आपल्यासाठी एक, तिच्यासाठी एक. पवनारचा पूल गेला, खाली नदी फुगलेली होती. सेलू गेलं. एवढा जवळून, एवढा वेळ, त्यानं तिचा चेहरा लग्नापासून कधी पाहिला नव्हता. पाहायचं काय कारण होतं. ती कामात, तो कामात. तिच्या हनुवटीवर एक बारीक व्रण होता, तो कशाचा ते त्याला माहीत नव्हतं, आणि आता विचारता येणार नव्हतं, कारण तोंडात नळी होती. लकवा मारला त्या दिवशी तिचं अर्धं तोंड वाकडं झालं तरी अर्ध्या तोंडानं ती बोलत होती. अठी नाई, इथं नको, असं म्हणत होती. घरी. पहिले दोन दिवस तेवढाच शब्द. मग नळी टाकली आणि तोही बंद झाला.

सेलूच्या पुढं त्याचा हात भरून आला तेव्हा त्यानं फुगा डाव्या हातात घेतला आणि उजवा तिच्या हाताजवळ ठेवला. तिच्या बोटांनी त्याचा अंगठा धरला. आधी त्याला वाटलं, गाडीच्या हिसक्यानं झालं. मग गाडी फाटकाजवळ उभी राहिली, हिसका नव्हता, आणि पकड होती. त्यानं पुढं बसलेल्या धनंजयला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते त्याला आजही कळत नव्हतं. घोट्यापाशी मुंगी चढावी आणि माणसानं बोलता बोलता ती चढू द्यावी, तसं काहीतरी. टेकडीवरचं गणपतीचं देऊळ दिसलं, गाडी गावात शिरली, आणि घरासमोर येताच बायकांनी एकदम हंबरडा फोडला. गावाला माहीत होतं. दवाखान्यातून फुगा लावून आणतात म्हणजे काय आणतात, हे सगळ्या गावांना माहीत आहे. फोन आधीच गेलेला होता. अंगणात बांबू आणून टाकलेले होते, नवं मडकं होतं, कडबा होता. चुलतभाऊ तानबा सुतळी सोडवत बसला होता. ओसरीत जागा सारवून ठेवली होती आणि सारवण अजून ओलं होतं. तिला खाली घेतलं, जमिनीवर. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. सगळे रामाजीकडे पाहत होते, मेलेल्या बाईच्या नवऱ्याकडे पाहतात तसे. आणि तिनं डोळे उघडले. रडणाऱ्या बायका पदराआड होत्या, पुरुष अंगणात होते. डोळे उघडले, वर आढ्याकडे गेले, भिंतीवरून खाली आले. रामाजी फुगा दाबत होता. दारातून कैलास अदबीनं म्हणाला की काका, फुगा परत न्या लागते, दुसरा पेशंट वाट पाहून राह्यला. तानबानं खांद्यावर हात ठेवला. सोड आता, रामाजी. किती दाबशीन. अंगणात बांबू होते. मडकं होतं. एवढी माणसं कामधंदा सोडून आली होती. आता ही जिवंत आहे असं म्हणायचं म्हणजे ते बांबू कुठं ठेवायचे, हे त्याच्या मनात आलं होतं. खरंच तेवढंच आलं होतं. त्यानं हात काढला.

त्यानंतर तिची छाती हलली. तिची तिची. थोडा वेळ हलत राहिली. त्याला ते ओळखू आलं, कारण सगळ्या वाटेनं तिचा श्वास त्याच्या श्वासाबरोबर चालत होता आणि आता तो वेगळा चालत होता, मागं पडत, घाईनं गाठत, बाजारात मागून येणाऱ्या बाईसारखा. तो श्वास त्यानं दिलेला नव्हता. मग ती मागं राहिली.

“काका?” ऋचा म्हणाली. तिनं त्याच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला. धनंजय त्याच्याकडे पाहत नव्हता, टेबलाच्या कडेला पाहत होता, आणि ओठ आवळून बसला होता, लहानपणी सुई टोचताना बसायचा तसा. रामाजीला वाटलं, नाही म्हणावं. आणि त्याच वेळी त्याला हे दिसलं की नाही म्हटलं तर आनंदा इथंच राहील. या फिनाईलच्या वासात, त्या थंड खोलीत, आकड्यानं बांधलेली. वर कुठं जिथं मोजमाप होत असेल तिथं ती घरी कधी आलीच नाही असं होईल. अर्ध्या तोंडानं मागितलेली एवढी एक गोष्ट, ती तिला मिळाली होती, आणि ती मिळाली हे त्याच्याशिवाय जगात कोणाला ठाऊक नव्हतं.

“होती,” तो म्हणाला. “जिती होती. घरी आलती ते.”

धनंजयनं मान झटकन वर केली. “बाबा.”

“तुह्या सहीनं काई नाई झालं, धनू. घरी आल्यावर तिनं डोये उघडले. फुगा म्या सोडला. मंग बी ते श्वास घेत होती, आपली आपण. मंग गेली.” आवाज चढला नाही, पडला नाही. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसा तो सांगून गेला, आणि सांगून झाल्यावर तो पाणी प्यायला, पूर्ण पेला.

ऋचानं फाईल जवळ ओढली आणि पुन्हा एकदा वाचली. म्हणजे ही फाईल बरोबर आहे, ती म्हणाली, आणि तिच्या सुरात थोडी निराशा होती. एवढ्या खोट्या फायलींत नेमकी ही खरी निघाली होती, आणि खरी निघाल्यानं दवाखान्याच्याच बाजूची ठरत होती. तिनं अवघडत विचारलं की दवाखान्यातून कोणी तुम्हाला भेटायला आलं होतं का, काही सांगून गेलं का. विकत घेतलं का, असं विचारायचं होतं तिला. रामाजीला त्याचं काही लागलं नाही. कोणी नाही आलं, तो म्हणाला. नातेवाइकांनी दिलेल्या माहितीप्रमाणे निघताना जिवंत, एवढंच तिनं लिहिलं. फुग्याचं लिहिलं नाही. ते कुठं लिहायचं असतं असं रामाजीनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “आमचं काम दारापर्यंतचं असतं, काका.” रामाजीनं जिथं दाखवलं तिथं आपलं नाव काढलं, वेलांट्या सांभाळत. वर पाहिलं तर धनंजयची खुर्ची रिकामी होती.

तो बाहेर रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर बसलेला सापडला. रामाजी रस्ता ओलांडून गेला, एक मालगाडीएवढा लांब ट्रक जाईपर्यंत मध्ये थांबून, आणि त्याच्या समोरच्या बाकड्यावर बसला. टपरीवाल्यानं न विचारता दोन चहा आणून ठेवले. पलीकडच्या टेबलावर कॉलेजची पोरं तर्री-पोहे खात होती आणि एकमेकांच्या ताटलीतली शेव पळवत होती. धनंजयनं चहाला हात लावला नाही. त्याचे डोळे कोरडे होते. रामाजीला वाटलं, हा आता उठून जाईल, किंवा शिवी देईल, आणि दोन्हींपैकी काहीही झालं असतं तरी चाललं असतं. चहावर साय धरू लागली.

“कुठं पाहे ते?” धनंजयनं विचारलं.

रामाजीला आधी कळलं नाही.

“आई. डोये उघडले म्हनता ना. कुठं पाहे?”

आढं, भिंत, आणि मग. मगचं त्यानं स्वतःशीही कधी आठवलं नव्हतं. ते आता आपोआप आलं, जसं घडलं होतं तसं, कुठं न दुखता. “दाराकडं,” तो म्हणाला. “तू दारात उभा होता. पाठमोरा. फोनवर सांगून राह्यलता कोणाले, आई गेली म्हनून. तुह्याकडं पाहे.”

पोरांच्या टेबलावर हशा झाला. टपरीवाल्यानं गाळणं आपटून चहाची पूड झटकली. धनंजय बोलला तेव्हा त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं, हरवलेली वस्तू कुठं ठेवली होती असं विचारावं तसं.

“मंग मले आवाज काऊन नाई देल्ला, बाबा?”

रामाजीनं तोंड उघडलं. बांबूंचं सांगावं, तानबाचं सांगावं, कैलास दारात उभा होता ते सांगावं. त्यातलं काही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आवाज द्यायला किती वेळ लागला असता. दार दहा पावलांवरही नव्हतं. त्यानं पोराकडे पाहिलं. भुवईवर कापसाचा एक तंतू अडकलेला होता, श्वासाबरोबर हलत होता.

“धनू,” रामाजी म्हणाला. ओसरीतून दारापर्यंत जाईल एवढ्या आवाजात. पोरांनी वळून पाहिलं.

धनंजय समोरच होता, हाताच्या अंतरावर. त्यानं बापाकडे पाहिलं, आणि काही वेळानं म्हणाला, “ओ.”